स्की चालताना मध्येच सुटते? आकडा वाढवण्याआधी हे पाहा

गेले नऊ हिवाळे मी डेन्व्हरजवळच्या एका दुकानात शनिवार-रविवारी स्की दुरुस्तीचं काम करते. डिसेंबर ते मार्च एकच तक्रार सतत येत राहते: "घसरता घसरता स्की आपोआप सुटते." जोडाला बांधलेल्या चिठ्ठीवर गिऱ्हाइकाने उपायही लिहून ठेवलेला असतो: "डिन वाढवा."

डिन म्हणजे बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणाऱ्या यंत्राच्या, छोट्या खिडकीत दिसणारा आकडा. जर्मन मानक संस्थेच्या नावावरून हे नाव पडलं. प्रत्येक स्कीवर अशा दोन खिडक्या, एक चवड्याकडे आणि एक टाचेकडे. बहुतेकांना हा पकडीचा आकडा वाटतो, जितका जास्त तितकं घट्ट. खरं तर ती तुमच्या नडगीच्या हाडाची हद्द आहे. एवढा पीळ पडला की स्कीने पाय सोडायचा, हे तो आकडा सांगतो. स्की आपोआप सुटते तेव्हा दोष सहसा त्या आकड्यात नसतो. तो बुटाखाली, बुटाच्या तळात किंवा बाइंडिंगच्या लांबीत असतो. आकडा वाढवला की मूळ दोष तसाच राहतो आणि हाडाचं संरक्षण तेवढं जातं.

हे इतक्या कळकळीने लिहिते याला कारण आहे. सहा वर्षांपूर्वी आमचे भावजी पुण्याहून आले होते. सकाळी भाड्याची स्की दोनदा सुटली, म्हणून त्यांनी पार्किंगमध्ये कुणाकडून तरी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चारही आकडे साडेपाचवरून आठवर नेले. दुपारी जवळजवळ सपाटीवर, थांबता थांबता, उजव्या स्कीचं टोक ओल्या बर्फात रुतलं आणि ते हळूच एका कुशीवर पडले. स्की सुटली नाही. नडगीचं हाड पिळून मोडलं. वेग नव्हता, उतार नव्हता. स्की पेट्रोलच्या, म्हणजे उतारावरच्या बचाव पथकाच्या, माणसांनी दुसऱ्या पायातली स्की काढली आणि तो बूट मी हातात घेतला, तर तळाला बोटभर बर्फ गुळाच्या ढेपेसारखं टणक होऊन चिकटलेलं होतं. सकाळी स्की का सुटत होती, त्याचं उत्तर तिथेच होतं.

आधी लक्षण नीट ओळखा

दुकानात माझा पहिला प्रश्न असतो, टाच सुटली की चवडा? याचं उत्तर मिळालं की शोध निम्म्यावर येतो. साधारण अशी लक्षणं येतात:

– तुम्ही पडला नाहीत, पण वळणातून बाहेर येताना किंवा छोट्या खळग्यातून जाताना टाच वर उचलली आणि स्की मागे राहिली.

– कडक, खडबडीत बर्फावर स्की थरथरताना चवडा बाजूला सरकून निघाला.

– बूट बसवताना दोन-तीनदा पाय आपटावा लागतो. नेहमीचा खणखणीत "खट्" येत नाही, दबका आवाज येतो. टाचेमागची दांडी पूर्ण वर येत नाही.

– बूट बसलेला दिसतो, पण हाताने हलवला तर डुगडुगतो.

– सुटते ती कायम एकाच पायाची.

– जोरात पडलात, पाय पिळला, तरी स्की सुटलीच नाही.

शेवटचं लक्षण असेल तर खालच्या तपासण्या करत बसू नका. ती स्की त्या दिवसापुरती बंद. चेअरलिफ्टने खाली न्यायची सोय असेल तर विचारा, नाहीतर पेट्रोलला सांगा. न सुटणारी बाइंडिंग सुटणाऱ्या बाइंडिंगपेक्षा कितीतरी धोक्याची आहे.

पहिली तपासणी: बुटाचा तळ

हिला पैसे पडत नाहीत, अर्धं मिनिट लागतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी इथेच संपतात.

मोठ्यांच्या नेहमीच्या अल्पाइन, म्हणजे उतारावर घसरायच्या, बुटाचा तळ ठरलेल्या मापाचा असतो. चवड्याकडची पट्टी १९ मिमी जाड, टाचेकडची ३० मिमी, आणि दोन्हीकडे सूट फक्त १ मिमीची. बाइंडिंगचे दोन्ही जबडे याच मापावर बेतलेले असतात. आता तळाखाली ४ मिमी बर्फ आलं तर काय होईल? बूट वर उचलला जातो, टाच जबड्यात पुरती शिरत नाही, खटका तिला जेमतेम कडेवर धरतो. उभं राहिलं तर सगळं ठीक वाटतं. पहिला खळगा आला की ती कड निसटते.

बूट कसा साफ करायचा हे कुणी दाखवत नाही, म्हणून सांगते. एक पाय स्कीत घट्ट ठेवा. दुसऱ्या बुटाचा तळ त्या स्कीच्या बाइंडिंगच्या पुढच्या भागावर चवड्यापासून टाचेपर्यंत जोर लावून घासा. मग चवड्याखालचा आणि टाचेखालचा भाग काठीच्या टोकाने खरवडा. काठीने बुटाला नुसतं टकटक केल्याने भुसभुशीत बर्फ पडतं, दाबून घट्ट झालेलं पडत नाही. नंतर हातमोज्याने बाइंडिंगचे दोन्ही जबडे आणि चवड्याखालची गुळगुळीत पट्टी पुसा. उतारावर असाल तर आधी खालच्या बाजूची स्की घाला, म्हणजे दुसरी घालताना घसरणार नाही.

हाच त्रास दिवसातून परत परत का होतो, याचं कारण बहुधा जेवणाची सुट्टी असतं. गरम उपाहारगृहातून बाहेर येताना बुटाचा तळ कोमट आणि ओला असतो. पहिल्या दहा पावलांत त्याला बर्फ चिकटतं आणि स्कीपाशी पोचेपर्यंत गोठतं. "जेवणानंतर सुटायला लागली" असं कुणी म्हणालं की मी पुढचं काही विचारत नाही. गुलमर्गला जाणाऱ्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. तिथे हॉटेलपासून गोंडोलापर्यंत बर्फातूनच चालत जायचं असतं, त्यामुळे प्रत्येक बूट ढेप घेऊनच वर पोचतो.

दुसरी: डावी-उजवी बदलून पाहा

बहुतेक स्कींना डावं-उजवं नसतं. त्रास एकाच पायाला असेल तर स्की अदलाबदल करा आणि सोप्या उतारावर दोन फेऱ्या मारा. त्रास स्कीबरोबर दुसऱ्या पायाला गेला तर दोष बाइंडिंगमध्ये आहे. त्याच पायाला राहिला तर बूट पाहा. दुकानात यंत्रावर जे शोधायला मला पंधरा मिनिटं लागतात, ते या दोन फेऱ्यांत कळतं.

याच वेळी बूट आणि बाइंडिंग यांच्यामध्ये पँटची कड, आतल्या बर्फरोधक पट्टीचं इलॅस्टिक, लोंबणारा पट्टा असं काही अडकत नाही ना, तेही पाहून घ्या. लहान मुलांच्या बाबतीत हे नेहमीचं आहे.

तिसरी: बुटाचा तळ झिजलाय का, आणि तो कुठल्या जातीचा आहे

डांबरी पार्किंगमधून स्की बूट घालून चालणं हा तळाचा शत्रू. चवड्याची कड गोल होते, टाचेचा कोपरा झिजतो. जबड्याला धरायला सपाट, ताठ कड लागते. ती गोल झाली की चवडा थरथरीत सरकतो. बूट उलटा करून उजेडात धरा आणि डाव्याशी उजवा ताडून पाहा. आपण एका पायावर जास्त भार देऊन चालतो, त्यामुळे झीजही सहसा सारखी नसते. अनेक बुटांचे तळाचे तुकडे स्क्रू काढून बदलता येतात, ते बुटापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. रबरी सोल-कव्हर वापरलं तर ती वेळही येत नाही.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. आज बाजारात निदान तीन जातींचे तळ आहेत: जुना सपाट अल्पाइन तळ, चालायला सोपा जावा म्हणून किंचित गोलाई दिलेला ग्रिपवॉक, आणि चढून जाणाऱ्यांचा जाड रबरी टूरिंग तळ. नवीन ग्रिपवॉक बूट जुन्या, फक्त अल्पाइन तळासाठी बनलेल्या बाइंडिंगमध्ये खट्कन बसतो. बसतो म्हणजे चालतो, असं अजिबात नाही. कधी तो लवकर सुटेल, कधी सुटणारच नाही, आणि यातलं काय होईल ते आधी सांगता येत नाही. बाइंडिंगवर ग्रिपवॉकची खूण आहे का ते पाहा. नसेल तर या जोडीवर कुठलीही फिरवाफिरव करून उपयोग नाही. बूट किंवा बाइंडिंग, दोन्हींपैकी एक बदलावंच लागेल.

मुलांसाठी "वाढत्या अंगाचे" बूट घेणाऱ्या आईवडिलांना हात जोडून विनंती आहे. कपडे घ्या वाढत्या अंगाचे, बूट नको. सैल बुटात पाय फिरतो आणि बाइंडिंगला पायाचा पीळ उशिरा कळतो. शिवाय लहान मुलांच्या बुटाचा तळ मोठ्यांच्या तळापेक्षा अरुंद आणि पातळ असतो. फक्त मोठ्यांसाठी बनलेल्या बाइंडिंगमध्ये तो घालायचा नसतो.

चौथी: लांबी आणि पुढे ढकलणारा दाब

बुटाच्या टाचेजवळ बाजूला २९५, ३०५, ३१५ असा मिलिमीटरमधला आकडा कोरलेला असतो. ती तळाची लांबी. बुटाचा साइझ वेगळा, ही लांबी वेगळी. २६.५ साइझच्या दोन कंपन्यांच्या बुटांत सहज १० मिमीचा फरक निघतो. घरातल्या दोघांचा साइझ एकच आहे म्हणून त्यांनी एकच स्की आलटून पालटून वापरली, की तक्रार आलीच.

नुसती लांबी जुळून मात्र भागत नाही. स्की ही वाकणारी वस्तू आहे. वळणात ती धनुष्यासारखी वाकते तेव्हा चवड्याचा आणि टाचेचा जबडा एकमेकांजवळ येतात, सरळ होते तेव्हा लांब जातात. बूट काही वाकत नाही. म्हणून टाचेचा जबडा एका पट्टीवर मागेपुढे सरकतो आणि आतली स्प्रिंग त्याला सतत बुटाकडे ढकलत राहते. हा दाब कमी असला तर स्की सरळ होताना टाचेमागे क्षणभर फट पडते, आणि तेवढी फट पुरते. वळणातून बाहेर येताना टाच सुटण्याचं हे ठरलेलं कारण आहे. दाब जास्त असला तर बूट दोन जबड्यांत चिमटल्यासारखा होतो आणि पडल्यावर सुटायला नको तितका वेळ घेतो.

हा दाब डोळ्यांनी पाहता येतो, म्हणून ही तपासणी घरी करण्यासारखी आहे. स्की जमिनीवर ठेवा, रिकामा पण बकल लावलेला, साफ केलेला बूट त्यात बसवा आणि टाचेच्या भागाच्या मागे वाकून पाहा. काही बाइंडिंगमध्ये एक स्क्रूचं डोकं घराच्या कडेशी अगदी समपातळीत असायला हवं. काहींमध्ये एक काटा किंवा धातूची जीभ खुणांच्या मधोमध यायला हवी. कंपनीगणिक रचना बदलते, पण बूट आत असतानाच पाहायचं, हे सगळ्यांना लागू. बूट नसताना दिसणारी खूण काहीच सांगत नाही. पाहायचं काम तुमचं, फिरवायचं दुकानाचं, कारण दाब बदलला की सुटण्याचं बळ पुन्हा मोजावं लागतं.

पाचवी: चवड्याखालची पट्टी, वंगण, मीठ

चवड्याखाली एक गुळगुळीत किंवा बाजूला सरकणारी पट्टी असते. पडताना बुटाने बाजूला घसरून जावं म्हणून ती दिलेली असते. तिच्यावर खोल ओरखडे असतील, ती उचकटली असेल किंवा सरकती पट्टी वाळूने अडत असेल, तर बूट उशिरा सुटतो. ही पट्टी खराब दिसली की बाकी काही न पाहता दुकानात जा.

चवड्याचा जबडा चालतोय का ते असं पाहा. बूट बसवलेली स्की कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि बुटाच्या चवड्यावर बाजूने तळव्याने जोरात थाप मारा. जबडा थोडा सरकून लगेच मधोमध परत यायला हवा. रेंगाळत आला किंवा बाजूलाच राहिला तर आतलं वंगण सुकलंय किंवा घाण साचलीय.

आमच्या कोलोरॅडोत याचं मोठं कारण म्हणजे गाडीच्या टपावरून उघड्या नेलेल्या स्की. आय-७० महामार्गावर बर्फ वितळवायला मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी फवारतात. दीड-दोन तासांच्या रस्त्यात ते बाइंडिंगच्या सांध्यासांध्यांत जातं. झाकणपिशवी घाला किंवा स्की गाडीच्या आत ठेवा. घरी आल्यावर साध्या पाण्याने हलकं धुवा आणि कोरडं करा. जोरदार फवाऱ्याचा पंप नको, आणि गंज सोडवायचा स्प्रे तर मुळीच नको. दोन्ही आतलं वंगण धुऊन काढतात.

आता आकडा

इथवर सगळं ठीक निघालं तरच आकड्याकडे या. तेव्हाही तो वाढवायचा की नाही हा प्रश्न नसतो. तो तुमच्यासाठी बरोबर धरला होता का, हा असतो.

आकडा पाच गोष्टींवरून निघतो: वजन, उंची, वय, तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत. पद्धतीचे तीन प्रकार असतात, सावध, मधला आणि आक्रमक. तक्त्यात वजनाची ओळ आणि उंचीची ओळ वेगळी आली तर दोन्हींतली खालच्या आकड्याची घेतात. वय ५० किंवा त्याहून जास्त असेल तर आणखी एक ओळ कमी. उदाहरणार्थ ७२ किलो, १७२ सेंमी, तळ ३०५ मिमी, सावध प्रकार, वय तिशीतलं: आकडा ५.५ येतो. तोच माणूस मधल्या प्रकारात ६.५ वर जातो. तोच सावध माणूस ५२ वर्षांचा असेल तर ४.५. हे फक्त समजावं म्हणून सांगितलं, यावरून स्वतःची बाइंडिंग लावू नका.

आपल्या माणसांच्या बाबतीत चूक बहुतेकदा भाड्याच्या दुकानातल्या फॉर्मवर होते. अमेरिकेत वजन पौंडात विचारतात, भारतातून आलेला पाहुणा सवयीने ७२ लिहितो. ७२ पौंड म्हणजे साधारण ३३ किलो. काउंटरवर कुणाच्या लक्षात आलं नाही तर लहान मुलाची ओळ लागते आणि आकडा दोन-अडीचच्या घरात जातो. मग स्की सुटणारच. दुसरी चूक वजन कमी सांगण्याची. मागे रांगेत ओळखीचे लोक उभे असतात, संकोच होतो, हे मला समजतं. तोंडाने सांगायला नको वाटलं तर कागदावर लिहून द्या, पण खरं लिहा. तिसरी चूक म्हणजे नवऱ्याने बायकोच्या आणि मुलांच्या फॉर्मवर स्वतःच्या अंदाजाने प्रकार भरणं. ज्याचा पाय, त्याने सांगावं.

आणि खिडकीतला आकडा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. ५.५ वर लावलेल्या दोन बाइंडिंग वेगवेगळ्या बळाला सुटू शकतात, कारण एकीची स्प्रिंग थकलेली असते, दुसरीचं वंगण सुकलेलं असतं. म्हणून दुकानात आम्ही बुटात धातूचा पाय घालतो आणि बळ मोजणाऱ्या पान्याने तो पिळतो, डावीकडे, उजवीकडे आणि मग पुढे झुकवून. प्रत्येक दिशेला तीन वेळा, आणि मधला आकडा धरायचा. वरच्या उदाहरणातल्या सावध माणसासाठी पिळाला ४३ आणि पुढे झुकण्याला १६५ न्यूटन-मीटरच्या आसपास स्की सुटायला हवी. तशी सुटत नसेल तर खिडकीतला आकडा त्या मापाप्रमाणे बदलतो. पिळाचा अंदाज हाताला येत नाही, मला नऊ वर्षांनीही येत नाही.

सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये राहणाऱ्या यालमार व्हाम या नॉर्वेजियन स्कीपटूला १९३७ साली स्वतःचा पाय मोडल्यावर सुचली. १९३९ साली त्याला पेटंट मिळालं. पाय मोडू नये म्हणूनच हे यंत्र जन्माला आलं. गुडघ्यातले स्नायुबंध मात्र आजच्या नेहमीच्या बाइंडिंगही भरवशाने वाचवू शकत नाहीत. आकडा कमी ठेवला म्हणून गुडघा सुरक्षित, असंही समजू नका.

इथे थांबा, पुढचं काम दुकानाचं

बाइंडिंग स्कीवरच हलत असेल तर थांबा. बहुधा स्क्रूचे आटे गेलेले असतात. घरच्या स्क्रूड्रायव्हरने आवळू नका, या स्क्रूच्या खाचा साध्या फुलीपेक्षा वेगळ्या असतात आणि चुकीच्या टोकाने लगेच गोल होतात. नवीन भोक पाडायचं तर त्याचा व्यास आणि खोली स्कीवरच छापलेली असते, बहुधा ३.६ किंवा ४.१ मिमी व्यास आणि ९ मिमीच्या आसपास खोली. जरा खोल गेलं तर ड्रिल खालून बाहेर येतं.

प्लॅस्टिकला चीर असेल, सुटलेल्या स्कीला थांबवणारे ब्रेक पूर्ण खाली येत नसतील, एका बाजूला सुटून दुसऱ्या बाजूला सुटत नसेल, तर थांबा. भाड्याची स्की असेल तर एकही स्क्रू फिरवू नका, परत घेऊन जा. तपासून देणं हे त्यांचंच काम आहे आणि त्याचे पैसे तुम्ही आधीच दिलेले असतात.

ओळखीतून किंवा जुन्या बाजारातून स्की घेतली असेल तर घेण्याआधीच बाइंडिंगचं मॉडेल दुकानात दाखवा. कंपन्या कोणत्या मॉडेलची जबाबदारी अजून घेतात त्याची यादी दरवर्षी काढतात. यादीतून गेलेल्या बाइंडिंगला अमेरिकेतली दुकानं सहसा हात लावत नाहीत. तिथे हुज्जत घालू नका, बाइंडिंग बदला. नवीन घेताना तुमचा आकडा तिच्या मापाच्या मधोमध येईल अशी निवडा. ५.५ वाल्याला ३ ते १० ची चांगली, ५ ते १४ ची नको.

दुकानात जाताना दोन्ही स्की आणि दोन्ही बूट न्या. एकच स्की किंवा नुसत्या स्की घेऊन आलेल्यांना मला परत पाठवावं लागतं. टाच की चवडा, डावी की उजवी, वळणात की खळग्यात, जेवणाआधी की नंतर, एवढं सांगा. मोजणी झाल्यावर छापील कागद मागून घ्या, त्याचा फोटो काढा आणि पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला तोच फोटो दाखवून पुन्हा मोजून घ्या.